लाओसला जाताय? आधी चिकट भात समजून घ्या

भंडारा-गोंदियाच्या माणसाला भात नवा नाही, पण लाओसचा ‘खाव नियाव’ पाण्यात शिजवत नाहीत. चिकट तांदूळ रात्रभर भिजवतात, निथळून बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत 25-30 मिनिटं वाफवतात आणि मधेच एकदा उलटवतात. भिजवण कमी पडली, तर दाणा आतून कच्चा राहतो.

जेवताना तो झाकणाच्या छोट्या टोपलीत येतो. उजव्या हातानं लिंबाहून लहान गोळा तोडा, दाबा, चटणीत किंवा भाजीत बुडवून खा. झाकण लगेच लावा. उघडा भात पाहता पाहता कडक होतो. साधा भात मात्र चमच्यानं आणि नूडल सूप काड्यांनी खातात. घरी जमिनीवर, सगळ्यांच्या मधे ठेवलेल्या ताटाभोवती बसतात. वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावरच हात घाला.

‘लाप’ म्हणजे बारीक चिरलेलं मांस, लिंबू, पुदिना, सांबार (आपला हिरवा, म्हणजे कोथिंबीर, डाळीचा नव्हे) आणि भाजलेल्या तांदळाची भरड. ते कच्च्या मांसाचंही मिळतं, म्हणून ‘सुक’, म्हणजे शिजलेलं, असं सांगून मागा.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसाची नाहीच, ‘पादेक’ची आहे. हा आंबवलेल्या माशांचा दाट रस कच्च्या पपईच्या कुटलेल्या सॅलडमध्येही असतो, दिसत नाही. ‘बो साय पादेक’ (पादेक घालू नका) हे पाठ करूनच निघा. तिखटाची धास्ती नको. सावजी पचवणाऱ्याला ‘बो फेट’, तिखट नको, क्वचितच म्हणावं लागेल.