दिवसातून किती वेळा खाताय ते आधी मोजा: दात किडू नयेत म्हणून खाणं आणि ब्रश कसं जमवायचं

दाताचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात, गोड कमी खा आणि सकाळी उठल्यावर नीट दात घास. सल्ले बरोबरच आहेत पण अर्धवट आहेत, कारण गोड किती खाल्लं यापेक्षा ते दिवसातून किती वेळा तोंडात गेलं याने जास्त फरक पडतो, आणि दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा ब्रश हा सकाळचा नसून रात्रीचा असतो. या दोन गोष्टी घरात बसवल्या तर अर्ध्याहून जास्त काम झालं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आत काय होतं ते बघू

दातांवर जो बुळबुळीत थर बसतो त्यात बॅक्टेरिया असतात, त्यातला कीड लावणारा मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. आपण साखर खाल्ली की तेही ती खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांतच दातावरचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली येतो आणि साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुवून काढते, गेलेलं कॅल्शियम थोडंफार परत भरते, पण याला अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हे मोजून दाखवलं, आजही डेंटल कॉलेजात त्यांच्या नावाचा आलेख शिकवतात.

आता हिशोब करा. सकाळी चहा-बिस्कीट, मग नाश्ता, अकराला ऑफिसात चहा, जेवण, जेवणानंतर एक चॉकलेट, चारला चहा-खारी, सहाला थोडा चिवडा, रात्रीचं जेवण, झोपताना साखर घातलेलं दूध. नऊ वेळा झालं, म्हणजे दिवसातले पाच-सहा तास तरी दात आम्लात, आणि लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही. यात कुठेही "खूप गोड" खाल्लेलं नाही हे लक्षात घ्या.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत 1940 च्या दशकात यावर मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष 1954 साली छापून आले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, पण ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी देत होते त्यांचे दात धडाधड किडले. हे प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर त्यांना न विचारता केले होते, तो अन्यायच होता आणि आज असं कुणाला करू देणार नाहीत. त्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान आपल्यापर्यंत आलंय, तेव्हा निदान ते वाया तरी जाऊ देऊ नये.

पायरी 1: एक दिवस सगळं लिहून काढा

मोबाईलवर लिहा नाहीतर कॅलेंडरच्या मागे, पण वेळेसकट लिहा आणि पाणी सोडून तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. जेवणानंतरची साखर लावलेली बडीशेप, खोकल्याचं सिरप, टेबलावरच्या बरणीतल्या गोळ्या, पोराच्या ताटातलं उरलेलं, भाजीत टाकलेला गूळ सोडा पण हातात घेऊन खाल्लेला गूळ लिहा. बहुतेकांना वाटत असतं आपण चारदा खातो, लिहिल्यावर आठ-नऊ निघतात. आकडा बघून वाईट वाटून घेऊ नका, तो आकडा पाच-सहावर आणायचा एवढंच काम आहे.

पायरी 2: गोड जेवणाला चिकटवा

श्रीखंड, पुरणपोळी, शिरा जे काय असेल ते जेवतानाच खा. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते आणि दातांवर हल्ला एकदाच होतो, तोच लाडू चारला एकटा खाल्ला तर नवीन हल्ला सुरू. मुलांनाही हेच, चॉकलेट द्यायचंच असेल तर जेवण झाल्याझाल्या द्या, दुपारभर पुरवून पुरवून खायला देऊ नका.

चहाचं जरा कठीण आहे कारण चहा सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही आणि मी म्हणणारही नाही. साखर पाव-पाव चमचा कमी करत जा, जिभेला सवय होते. ते नाही जमलं तर चहाबरोबरचं बिस्कीट तरी काढा, कारण बिस्कीट भिजून दाढांच्या खाचांमध्ये लापशीसारखं बसतं आणि चहा गिळून झाल्यावरही बराच वेळ तिथेच असतं. आणि चहा घेतला की दहा मिनिटांत संपवा, कप शेजारी ठेवून तासभर एकेक घोट घेत काम करायची सवय दातांना फार महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर 5 टक्के, मोठ्या माणसासाठी 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की तो कोटा तिथेच संपला.

गूळ, मध, काकवी "नॅचरल" म्हणून दातांना चालतात असं खूप लोक समजतात. बॅक्टेरियाला साखर ती साखरच, उलट गूळ आणि खजूर चिकटून बसतात. संक्रांतीची तिळाची वडी, चिक्की, मनुका हे सगळं या यादीत येतं. खा, पण बसून एकदाच खा आणि वर पाणी पिऊन खळखळून चूळ भरा. नुसत्या गोडाचंच नाही, वेफर्स, खारी, टोस्ट, कुरकुरीत पाकिटातलं काहीही, यातला शिजलेला स्टार्च दातांत अडकून राहतो आणि तोंडातच त्याची साखर व्हायला सुरुवात होते.

उपवासाचा दिवस तर वेगळाच. सकाळी साबुदाण्याची खिचडी, मग केळ्याचे वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू, मग खजूर, मग गोड चहा, असं दिवसभर थोडं थोडं चालू राहतं. श्रद्धेने उपवास करा, पण फराळ दोन ठरलेल्या वेळांना करा आणि मध्ये पाणी प्या.

मधल्या वेळी भूक लागतेच, तेव्हा काय खायचं हा प्रश्न खरा आहे. भाजलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, पनीर किंवा चीजचा तुकडा, उकडलेलं अंडं यांनी दातांना त्रास जवळजवळ नाही. चीज तर जेवणाच्या शेवटी खाल्लं तर आम्ल कमी व्हायला मदतच होते.

पायरी 3: आंबट खाल्ल्यावर थांबा

कैरी, चिंच, लिंबू सरबत, कोकम सरबत, कोल्ड्रिंक यांच्यात आम्ल आधीच असतं, बॅक्टेरियाची गरजही लागत नाही. दात आंबले की लगेच ब्रश करू नका, एनॅमल त्यावेळी मऊ पडलेलं असतं आणि घासून आणखी झिजतं. साध्या पाण्याने चुळा भरा, अर्धा तास जाऊ द्या. उलटी झाल्यावर पण हेच, गरोदरपणात सकाळी उलट्या होतात त्या बायकांना हे कोणीतरी सांगायला हवं. ॲसिडिटीने आंबट पाणी वर येणाऱ्यांनीही तसंच करावं.

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध पिणारे पुष्कळ आहेत, त्यात आम्ल आणि साखर दोन्ही आलं आणि मग लोक लगेच ब्रश करतात. प्यायचंच असेल तर ब्रश आधी उरकून घ्या. आणि दात पांढरे व्हावेत म्हणून लिंबाची साल मीठ लावून घासू नका, हात जोडून सांगतो. दात चार दिवस चमकतात कारण वरचा थर निघत असतो, आणि एनॅमल एकदा गेलं की शरीर नवीन बनवत नाही.

पायरी 4: रात्रीचा ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी

झोपेत लाळ अगदी कमी सुटते. म्हणजे रात्रीच्या जेवणाचं जे दातांवर राहिलं ते सात-आठ तास तसंच, धुवायला कोणी नाही. आपण मात्र रात्रीचं खरकटं तोंडात ठेवून झोपतो आणि सकाळी घासतो. सकाळी घासाच, पण रात्रीचा चुकवू नका. आळस येत असेल तर जेवल्यावर अर्ध्या तासाने घासून मोकळे व्हा, पलंगावर पडेपर्यंत थांबलात की राहूनच जातं. हळदीचं दूध, कोजागिरीचं मसाला दूध, रात्रीची औषधं, सगळं ब्रशच्या आधी.

पायरी 5: घासायचं कसं

ब्रश सॉफ्ट घ्या. कडक ब्रशने जोर लावून आडवं घासलं तर हिरडीपाशी दाताला खाच पडते आणि गार पाणी लागलं की कळ जाते. ब्रश हिरडी आणि दात मिळतात तिथे तिरका धरा, जागच्या जागी छोटं छोटं हलवा, मग पुढे सरका. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने, दोन मिनिटं. आतली बाजू सगळे विसरतात, खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण साठतं ते त्यामुळेच. केस वाकडे झाले की ब्रश बदला, साधारण तीन महिन्यांत.

पेस्टमध्ये फ्लोराईड आहे का हे खोक्यावर वाचा. जाहिरात काहीही असो, कीड रोखण्याचं काम मुख्यतः फ्लोराईड करतं, आणि बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतंच. भारतात पेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत एक हजार भाग) फ्लोराईडला परवानगी आहे, त्याच्या जवळपासचं घ्या. घासून झालं की फेस थुंका आणि लगेच चूळ भरू नका, थोडं फ्लोराईड दातांवर राहू द्या. हे ऐकायला विचित्र वाटतं, चार दिवसांत सवय होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या लहान मुलांसाठी पेस्ट कोणती ते डेंटिस्टला विचारून ठरवा.

राखुंडी, कोळसा, विटकरी रंगाचं खरखरीत मंजन हे सगळं दात झिजवतं. कडुनिंबाचं दातवण नीट चावून मऊ करून वापरलं तर थर निघतो, पण त्यात फ्लोराईड नाही. मिशरीबद्दल मात्र स्पष्टच बोलायला हवं. ती भाजलेली तंबाखू आहे. गावाकडच्या कितीतरी आज्या, मावश्या दिवसातून दोन-तीनदा मिशरी लावतात, त्याशिवाय त्यांना शौचाला होत नाही, डोकं दुखतं, कारण निकोटिनची सवय लागलेली असते. त्यांना ओरडून उपयोग नाही, शेजारी बसून सांगा, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते बघा, आणि असेल तर लगेच दाखवा. सुपारी आणि गुटख्याने तोंड उघडेनासं होतं, तिथे ब्रश काय करणार. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे तरी टपरीच्या मागे पुड्या मिळतातच.

दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा. सेफ्टी पिन आणि काडेपेटीच्या काडीने कोरू नका, हिरडीला जखम होते.

पायरी 6: घरात लहान मूल असेल तर

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, त्या दिवसापासून ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आईबाबांपैकी कोणीतरी स्वतः घासून द्यायचं, नुसतं "घासलेस का" विचारून चालत नाही. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, वरचे पुढचे चार दात काळे पडलेली मुलं दिसतात ती बहुतेक याचीच. सिरप गोड असतात, औषध दिलं की पाणी पाजा.

"दुधाचेच आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य फार ऐकतो. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात, त्या लवकर गेल्या तर मूल नीट चावत नाही आणि मागून येणारे दात वाकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवीन दाढ येते. ती यायला कुठला दात पडावा लागत नाही, त्यामुळे लोकांना कळतच नाही की ही कायमची आहे, आणि खोल खाचांमुळे तीच आधी किडते. मुलाच्या सहाव्या वाढदिवसानंतर टॉर्च लावून तोंडात बघा, आली असेल तर डेंटिस्टला खाचा सीलंटने बंद करून द्यायला सांगा.

पायरी 7: दुखायच्या आधी दाखवा

एनॅमलला नस नसते, म्हणून कीड आत उतरेपर्यंत काही जाणवत नाही. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती सुरुवात आहे, या वेळी फ्लोराईड आणि खाण्याच्या वेळा सांभाळल्या तर कीड थांबते. भोक पडलं की मात्र कुठल्याही पेस्टने भरत नाही, सिमेंट भरून घ्यावंच लागतं. लवंगेच्या तेलाने ठणका थोडा वेळ बधिर होतो, कीड तिथेच राहते. आणि खूप दुखणारा दात आपोआप दुखायचा थांबला तर बरा झाला असं समजू नका, बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि इन्फेक्शन मुळाशी पसरत असतं. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला तर त्याच दिवशी जा. डायबेटिस असणाऱ्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात, त्यांनी सहा महिन्यांनी तपासून घ्यावं. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहेत, तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा बरंच कमी पैशात काम होतं, फक्त सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.