अतिक्रमणाची गाडी आली तर

सोलापुरात चार हुतात्मा चौकाच्या जवळ मी बरीच वर्षं कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकते. नवी बाई शेजारी बसली की पहिलं हेच विचारते, पालिकेची अतिक्रमणाची गाडी आली तर काय करायचं, म्हणून लिहून ठेवते.

पाटी उचलून पळू नका. पळालं की आपणच चोर दिसतो. उभं राहा, 'साहेब' म्हणा आणि लेखी आदेश मागा. "वरून सांगितलंय" म्हणजे आदेश नव्हे. 2014 चा फेरीवाला कायदा आहे. सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम 3 मध्ये आहे. नंतरही हलवायचं तर कलम 18 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस लागते.

माल उचललाच तर झोंबाझोंबी करू नका. मालाची यादी मागा, त्यावर नेणाऱ्याची सही घ्या. माझा वजनकाटा एकदा यादीशिवाय गेला. तो नेला हेच मला दाखवता आलं नाही, काटा गेला तो गेलाच. मागणी केल्यावर ठरलेलं शुल्क भरून नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत सोडावा लागतो. भाजीवाल्यांनी अर्जाला उशीर करू नये. आपल्या उन्हात मेथी दुपार धरत नाही.

कागद दाखवला, पण पटला नाही, तर? हा चौक ज्यांच्या नावाचा, त्या चौघांना इंग्रज सरकारनं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, त्या कागदांवरही सही-शिक्का होता. सोलापूरनं त्यांना हुतात्माच मानलं. आपलं दुखणं त्यापुढे लहान आहे, पण कागदालाही प्रश्न विचारता येतो. कलम 20 मध्ये तक्रार निवारण समिती सांगितली आहे, तिचा अध्यक्ष न्यायाधीश राहिलेला माणूस असतो. तिच्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मी दोन वर्षं दिले. माझी जागा राहिली, आणि देऊ न शकणारी पलीकडची म्हातारी उठली. ते मला अजून सलतं.

आणि प्रमाणपत्र हातात असलं तरी चालणाऱ्याची वाट अडवू नका. एक आजोबा चाकाच्या खुर्चीवरून दवाखान्यात जातात. सकाळी आधी तेवढी वाट सोडते, मग पाटी मांडते.