टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस: पोरांना घेऊन म्युझियम कसं बघायचं

कोल्हापूरचा माणूस म्युझियमला कधी जातो, तर पाव्हणे आले की. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, मधल्या वेळेत न्यू पॅलेसला एक चक्कर आणि बाहेर. मी लहानपणी शाळेच्या सहलीत असंच बघितलेलं, पुढं चला पुढं चला करत रांगेतनं नेलं आणि डोक्यात राहिला तो फक्त वाघ. आता भाच्याला घेऊन तीन-चार वेळा गेलो तेव्हा कळलं केवढं बघायचं राहून गेलं होतं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे दोन्ही म्युझियम एका दिवसात उरकू नका. टाऊन हॉल वेगळ्या दिवशी, न्यू पॅलेस वेगळ्या दिवशी. सोमवार टाळा. पोरांना खायला घालून न्या, भुकेलं पोर दहा मिनिटात घरी चल म्हणतं.

सुरुवात टाऊन हॉलपासनं करा, सीपीआर दवाखान्याजवळची ती टोकदार शिखरांची इमारत. आत गेलं की ब्रह्मपुरीच्या वस्तू कुठं आहेत ते विचारा आणि थेट तिथं जावा. पंचगंगेच्या काठावरची ब्रह्मपुरीची टेकडी आपल्याला माहितीच आहे, तिथं १९४५-४६ ला डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती निघाली. ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंतच पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडन म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्रदेव. मूर्ती वितीएवढीसुद्धा नाही, त्यामुळं लोक न बघताच पुढं जातात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. समुद्र घाटाच्या पलीकडं, आणि समुद्राचा देव आपल्या पंचगंगेच्या काठावर कसा? तर त्या काळात रोमन जगाशी व्यापार चालायचा, माल कोकणातल्या बंदरांवर उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. पोराला हे आधी सांगू नका. मूर्ती दाखवा, हा समुद्राचा देव आहे एवढंच सांगा आणि इथं कसा आला असेल ते त्यालाच विचारा. माझा भाचा म्हणाला पुरात वाहत आला, मग नदी कुठनं कुठं वाहते यावरच आमचा अर्धा तास गेला. कोल्हापूरच्या पोराला पूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

तिथंच आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांची चित्रं आहेत, ती जरा लांब उभं राहून बघा. बाहेर पडलात की लगेच घरी जाऊ नका, ब्रह्मपुरी जवळच आहे, तिथं जाऊन नदीकडं तोंड करून उभं राहा.

आता न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, मेजर मँट यांचा आराखडा, टाऊन हॉलही त्यांचाच. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे, पोराच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि आवडेल ती एकच वस्तू काढ म्हणा. दरबार हॉलमध्ये रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, ते बघायला बाहेर चांगलं ऊन पाहिजे, म्हणून ढगाळ दिवशी जाऊ नका.

प्राण्यांच्या दालनात पोरं वाघापाशी अडकतात, अडकू द्यात. खरी कातडी, आत साचा, डोळे काचेचे, हे त्यांना खरं खरं सांगा, आणि हे सगळे शिकारीत मारलेले आहेत हेही लपवू नका. आपल्या संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळायचे, नंतर तर आफ्रिकेतनं आणवले, आणि १९५२ ला भारतातनं चित्ता संपला असं जाहीर झालं. चित्ता आणि बिबट्या यातला फरक इथंच शिकवून टाका: चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यापासनं तोंडापर्यंत काळी रेघ, बिबट्याच्या अंगावर मात्र फुलासारखी पोकळ वर्तुळं. मोठी माणसंसुद्धा इथं चुकतात.

तिथनं पुढं गव्यापाशी जावा आणि पाय बघायला लावा, गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. हाच गवा आपल्या दाजीपूरला जिवंत आहे, ते जंगल एकेकाळी संस्थानची शिकारीची जागा होती आणि १९५८ पासनं अभयारण्य. पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळं उन्हाळ्याची सुट्टी बघून पहाटे निघा. आम्ही गेलो तेव्हा गाडीपासनं बऱ्याच लांब झाडीत एक उभा होता, अंग नीट दिसतच नव्हतं, आणि भाचा माझी बाही ओढत हळूच म्हणाला, मामा, मोजे.