ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर

बीकॉम करून मुंबईत लोहार चाळ, मस्जिद बंदर असल्या होलसेल बाजारात अकाउंट्सला लागलात की थोड्याच दिवसात शेठ म्हणतो, तू नवीन आहेस, तुला कॉम्प्युटर येतो, हे सॉफ्टवेअर सगळ्यांना शिकव. पगार तोच! मी इलेक्ट्रिकल मालाच्या होलसेलमधे हेच करत आलोय म्हणून सांगतो, शिकवणं हा त्यातला सोपा भाग आहे. ज्या काकांना आपण जुन्या वळणाचे म्हणतो ते यूपीआयने भाजी घेतात, लोकलमधे मोबाईलवर मॅच बघतात, त्यांना स्क्रीनची भीती वगैरे काही नसते, विरोधाचं कारण दुसरंच असतं आणि ते आधी शोधायचं.

आमच्या गोडाऊनच्या काकांनी नवीन स्टॉक एन्ट्री आल्यावरही लांब वही लिहिणं सोडलं नव्हतं, शेठ ओरडून थकला. एकदा दुपारी शेजारी बसून वही नीट बघितली तर काही ओळींपुढे पेन्सिलने 'जां' लिहिलेलं. जांगड, म्हणजे माल पसंतीला गेलाय, ठेवला तर बिल नाहीतर परत. ट्रेनिंगवाल्याने शिकवलेलं फक्त विक्रीचं बिल, मग पार्टीकडे बघायला गेलेले पंखे काका कुठे लिहिणार, वहीतच ना. खरंतर सोय असते, बिलाऐवजी डिलिव्हरी चलनवर (म्हणजेच डिलिव्हरी नोटवर) माल पाठवायचा, आणि जीएसटीत अशा मालाचं बिल सौदा पक्का झाल्यावर किंवा माल निघाल्यापासून ६ महिने, यातलं जे आधी येईल तोपर्यंत करावं लागतं. सॉफ्टवेअरमधे डिलिव्हरी नोटचा वेगळा व्हाउचर (एन्ट्रीचा प्रकार) बनवला, त्याला नावच 'जांगड' दिलं, त्यानंतर काका मलाच सांगायला लागले की कुठल्या पार्टीचे ६ महिने भरत आलेत.

विरोधाचा दुसरा प्रकार असा सुटत नाही. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून धंद्याधंद्यातल्या बिलांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल लागतं, आणि ते पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात, नंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढत बसा. आता 'बिल फाड, रेट मागून बघू' यावर ज्याचा धंदा चालतो तो सेल्सवाला खूश कसा होईल? तुमची फर्म कंपनी म्हणून रजिस्टर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉगवालं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं आणि तो लॉग बंद करता येत नाही. मागच्या तारखेच्या एन्ट्र्या मारणारा माणूस हे तोंडावर बोलणार नाही, तो म्हणेल सिस्टिम स्लो आहे. तिथे तुमचं ट्रेनिंग वाया, शेठलाच बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका.

आणि नोकरी जाण्याची भीती, तिला हसू नका. बँकांमधे कॉम्प्युटरला युनियननी केवढा विरोध केला होता, १९८३ मधे मॅनेजमेंटशी करार झाला तेव्हा कुठे मर्यादित प्रमाणात मशीनं आली. आपल्या गाळ्यात युनियन नाही म्हणून लोक गप्प बसतात, आणि वही लिहीत राहतात. 'काका, तुमची नोकरी कुठे जात नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते तुमच्या हातात नाहीये.

टायमिंगचं म्हणाल तर मार्चएन्ड, दिवाळीआधीची गर्दी आणि महिन्याची ११ व २० तारीख (जीएसटी रिटर्नची बोंबाबोंब) सोडून काहीही चालेल. वही आणि सॉफ्टवेअर महिनाभर जोडीने चालवा, रोज संध्याकाळी स्टॉक जुळवा, आणि वही कधी बंद ते शेठकडून लेखी घ्या. सगळ्यात आधी मात्र प्रत्येकाचा वेगळा लॉगिन काढून घ्या, कारण 'तुझ्याच पासवर्डने मारतो रे पटकन' म्हणणारे खूप भेटतात आणि एडिट लॉगमधे नाव तुमचं येतं.