आरमधील बॉक्सप्लॉट मनाजोगता करताना : खोका, मिशा आणि समास

आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत बॉक्सप्लॉट, म्हणजे आकड्यांचा पसारा एक खोका आणि त्याच्या दोन टोकांच्या मिशा यांनी दाखवणारा आलेख, काढायला एक ओळ पुरते. तो अहवालात किंवा प्रबंधात छापण्याजोगा करायचा असेल तर मात्र आधी एक भेद पक्का लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे कोणता बदल खोक्याचा आहे आणि कोणता कागदाचा. खोक्याचा रंग, मिशांची रेघ आणि आउटलायरचा, म्हणजे मिशांबाहेर पडलेल्या आकड्याचा, ठिपका यांविषयी ‘बॉक्सप्लॉट’ या फंक्शनला सांगायचे असते. समास आणि एका पानावर किती आलेख बसवायचे याविषयी ‘पार’ या फंक्शनला. काही सूचना दोघांनाही चालतात आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या, अंकांसह, रोमन लिपीत टाइप कराव्यात. ‘एमएआर’ किंवा ‘एलएएस’ असे लिहिले असेल तर ती तीन सुटी अक्षरे जोडून लिहायची आहेत असे समजावे. आर लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करते, त्यामुळे पुढील उदाहरणातील ‘ओझोन’ आणि ‘मंथ’ या स्तंभांचे पहिले अक्षर मोठेच हवे.

उदाहरणासाठी आरबरोबरच येणारा ‘एअरक्वालिटी’ हा संच घेऊ. त्यात न्यूयॉर्क शहरातील मे ते सप्टेंबर १९७३ या १५३ दिवसांच्या नोंदी आहेत. ओझोनचा आकडा हा रूझवेल्ट बेटावर दुपारी १ ते ३ या वेळेत मोजलेली सरासरी असून तो दर अब्ज भागांत दिलेला आहे. ३७ दिवसांची ओझोनची नोंदच नाही, आणि ही उणीव पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पी <- बॉक्सप्लॉट(ओझोन ~ मंथ, डेटा = एअरक्वालिटी)

आलेख समोर येतो आणि त्यामागचे आकडे ‘पी’ मध्ये साठतात. रंगरंगोटीला हात घालण्यापूर्वी हे आकडे पाहावेत असा माझा आग्रह आहे, कारण चित्रात काय बदलायचे हे त्यांवरूनच ठरते. ‘पी$स्टॅट्स’ मध्ये प्रत्येक खोक्याच्या पाच रेघांच्या जागा असतात, ‘पी$एन’ मध्ये नोंदींची संख्या आणि ‘पी$आउट’ मध्ये मिशांबाहेर पडलेले बिंदू. मे महिन्याच्या २६ नोंदी आहेत. त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १८; खोक्याच्या कडा, म्हणजे खालच्या आणि वरच्या अर्ध्या नोंदींचे मध्यक, ११ आणि ३२. खोक्याची उंची २१, तिची दीडपट ३१.५, म्हणून वरची मर्यादा ६३.५ येते. तिच्या आतला सर्वांत मोठा आकडा ४५ असल्यामुळे मिशी ४५ वर थांबते आणि ११५ हा आकडा ठिपका होऊन वर एकटा उरतो. मिशी मर्यादेपर्यंत जात नाही, मर्यादेच्या आतल्या शेवटच्या नोंदीपर्यंत जाते. हा दीडपटीचा आकडा ‘रेंज’ या सूचनेने बदलता येतो. तिथे शून्य दिले तर मिशा थेट किमान आणि कमाल नोंदींना टेकतात आणि एकही ठिपका उरत नाही.

ऑगस्टचे प्रकरण याहून मजेदार आहे. तिथे खोक्याच्या कडा २८ आणि ८४, म्हणजे उंची ५६, तिची दीडपट ८४ आणि वरची मर्यादा बरोबर १६८. महिन्यातील सर्वांत मोठी नोंद, २५ ऑगस्टची, तीही नेमकी १६८ आहे. मर्यादा ओलांडली तरच बिंदू बाहेरचा ठरतो, या नियमामुळे मिशी थेट १६८ पर्यंत जाते आणि ऑगस्टला एकही आउटलायर दिसत नाही. हाच आलेख ‘जीजीप्लॉट२’ या पॅकेजने काढला तर मात्र १६८ ठिपका म्हणून दिसतो, कारण ते पॅकेज बिजागऱ्यांऐवजी, म्हणजे वर सांगितलेल्या खोक्याच्या कडांऐवजी, जराशा वेगळ्या रीतीने काढलेली चतुर्थके वापरते. ती २८.७५ आणि ८२.५ येतात, आणि मर्यादा १६३ च्या जरा वर सरकते. दोन सहकाऱ्यांची दोन चित्रे जुळत नसतील तर कोणी आकडे चुकवले असे म्हणण्याआधी ही शक्यता तपासावी.

आता नावांकडे वळू. अक्षावर ५ ते ९ असे महिन्यांचे क्रमांक दिसतात; तिथे नावे हवी असतील तर ‘नेम्स’ ही सूचना वापरता येते, पण ती वापरू नये असे माझे मत आहे. ‘नेम्स’ फक्त पाट्या बदलते, खोके हलवत नाही. पाट्यांचा क्रम चुकला तरी आर तक्रार करत नाही, आणि जूनचा खोका जुलैच्या नावाने छापून मोकळा होतो. अशी चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती छपाईनंतरच लक्षात आली. त्याऐवजी स्तंभच फॅक्टर, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या गटांचा स्तंभ, करावा.

एक्यू <- एअरक्वालिटी
एक्यू$मंथ <- फॅक्टर(एक्यू$मंथ, लेव्हल्स = ५:९, लेबल्स = सी("मे", "जून", "जुलै", "ऑगस्ट", "सप्टेंबर"))

‘लेव्हल्स’ स्पष्ट दिल्यामुळे क्रम आपल्या हातात राहतो. महिन्यांची नावे नुसत्या मजकुराच्या रूपात ठेवली असती तर आरने ती वर्णक्रमाने लावली असती आणि ऑगस्ट मे महिन्याच्या आधी येऊन बसला असता.

खोक्याच्या अंगांना आरने दिलेली नावे एकदा उलगडली की पाठ करावी लागत नाहीत, कारण प्रत्येक नाव दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा अंग सांगतो: खोक्यासाठी ‘बॉक्स’, मध्यकाच्या रेघेसाठी ‘मेड’, मिशीसाठी ‘व्हिस्क’, मिशीच्या टोकावरील आडव्या रेघेसाठी ‘स्टेपल’ आणि बाहेरच्या बिंदूंसाठी ‘आउट’. दुसरा तुकडा गुण सांगतो: रेघेचा प्रकार ‘एलटीवाय’, जाडी ‘एलडब्ल्यूडी’, रंग ‘सीओएल’, बिंदूचा आकार कोणता हे ‘पीसीएच’, तो केवढा हे ‘सीईएक्स’ आणि रुंदीचे प्रमाण ‘डब्ल्यूईएक्स’. म्हणून ‘व्हिस्क’ आणि ‘एलटीवाय’ जोडून १ दिले की मुळात तुटक असलेली मिशी सलग होते, ‘मेड’ आणि ‘एलडब्ल्यूडी’ जोडून २ दिले की तिप्पट जाडीची मध्यकरेघ जरा सौम्य होते, आणि ‘आउट’ आणि ‘पीसीएच’ जोडून १६ दिले की पोकळ ठिपके भरीव होतात. ‘बॉक्स’ आणि ‘डब्ल्यूईएक्स’ यांचे मूळ मूल्य ०.८ आहे, पाच खोक्यांच्या आलेखात ०.५ ते ०.६ डोळ्यांना बरे वाटते.

रंगाबाबत एवढेच की नुसते ‘सीओएल’ खोका भरते आणि ‘बॉर्डर’ कडा रंगवते. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीपासून खोका मुळातच फिकट राखाडी असतो. जुन्या पुस्तकांतली चित्रे पांढरी दिसतात ती यामुळे. पाच महिन्यांना पाच रंग देण्याचा मोह टाळावा. महिन्याचे नाव खाली लिहिलेले असताना रंग तीच गोष्ट पुन्हा सांगतो. जुलै आणि ऑगस्ट या दोनच खोक्यांना वेगळा रंग दिला तर त्या रंगाला काही अर्थ राहतो.

नोंदी नसलेल्या ३७ दिवसांचा प्रश्न इथे येतो. मे, जुलै आणि ऑगस्ट यांच्या प्रत्येकी २६ नोंदी आहेत, सप्टेंबरच्या २९, पण जूनच्या केवळ ९. साध्या बॉक्सप्लॉटमध्ये जूनचा खोका इतरांइतकाच ऐटीत उभा असतो. ‘व्हारविड्थ = ट्रू’ दिले की रुंदी नोंदसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरते, म्हणजे मे आणि जून यांचे प्रमाण सुमारे ५.१ ला ३ असे येते आणि जून उघडच बारीक दिसतो. त्याहून सरळ उपाय म्हणजे संख्या खोक्यांच्या वर छापणे.

एमटेक्स्ट(पी$एन, साइड = ३, ॲट = १:५, लाइन = ०.३)

मध्यकाभोवती खाच पाडणारी ‘नॉच = ट्रू’ ही सूचना अनेकांना आवडते. ढोबळमानाने, दोन खोक्यांच्या खाचा एकमेकींत शिरत नसतील तर त्यांचे मध्यक वेगळे असल्याचा तो चांगला पुरावा समजला जातो. खाचेची मर्यादा मध्यकाच्या दोन्ही बाजूंना खोक्याची उंची गुणिले १.५८ भागिले नोंदसंख्येचे वर्गमूळ इतकी असते. जूनसाठी हे करून पाहा: उंची १७, वर्गमूळ ३, म्हणून अंतर सुमारे ८.९५ आणि खाच १४.०५ पासून ३१.९५ पर्यंत. पण जूनच्या खोक्याची खालची कड २० वर आहे. खाच खोक्याच्या बाहेर जाते, खोका कागदाची घडी उलटी पडावी तसा दुमडलेला दिसतो आणि आर इशारा देते. तो इशारा दडपून टाकू नये. इतक्या कमी नोंदींवर खाच काढू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नोंदी कमी असताना खोक्यावर प्रत्यक्ष बिंदूच मांडणे अधिक प्रामाणिक ठरते. त्यासाठी खोके ‘आउटलाइन = फॉल्स’ देऊन काढावेत, नाहीतर बाहेरचे बिंदू दोनदा उमटतात.

स्ट्रिपचार्ट(ओझोन ~ मंथ, डेटा = एक्यू, व्हर्टिकल = ट्रू, मेथड = "जिटर", ॲड = ट्रू, पीसीएच = १६)

यात एक सापळा आहे. ‘आउटलाइन’ बंद केल्यावर उभ्या अक्षाची मर्यादा फक्त मिशांवरून ठरते. आपल्या आलेखात ऑगस्टची मिशी १६८ पर्यंत जात असल्यामुळे सर्व बिंदू मावतात, पण हाच आलेख फक्त मे आणि जूनसाठी काढला तर अक्ष ४५ च्या आसपास संपतो आणि मे महिन्याचा ११५ व जूनचा ७१ हे दोन्ही बिंदू निमूटपणे गायब होतात. म्हणून अशा वेळी ‘वायलिम’ स्वतः द्यावे. इथे शून्य ते १७० पुरेसे आहे.

आता कागदाकडे येऊ. ‘पार’ मधील ‘एमएआर’ हे चारही बाजूंचे समास मजकुराच्या ओळींच्या मापात ठरवते. क्रम खाली, डावीकडे, वर, उजवीकडे असा असतो आणि मूळ मूल्ये ५.१, ४.१, ४.१ आणि २.१ अशी असतात. ‘एलएएस’ अक्षावरील अक्षरांची दिशा ठरवते: ० म्हणजे अक्षाला समांतर, १ म्हणजे नेहमी आडवी, २ म्हणजे अक्षाला लंब, ३ म्हणजे नेहमी उभी. मला १ सर्वाधिक उपयोगी वाटते, कारण उभ्या अक्षावरचे आकडे मान वाकडी न करता वाचता येतात. नावे लांबलचक असतील तर ती उभी करण्यापेक्षा ‘हॉरिझॉन्टल = ट्रू’ देऊन सगळा आलेखच आडवा करावा आणि डावा समास ७ किंवा ८ ओळींचा घ्यावा. समास वाढवला तरी अक्षाचे शीर्षक तिसऱ्या ओळीवरच राहते आणि नावांवर चढते. त्यासाठी ‘एमजीपी’ चे पहिले मूल्य ३ वरून वाढवावे. समास फार मोठे असल्याची तक्रार आरने केली तर बहुतेक वेळा समासांचा दोष नसतो, आलेखाची खिडकीच लहान झालेली असते.

जुने <- पार(एमएआर = सी(४, ५, ३, १), एलएएस = १)

‘पार’ बदललेल्या सूचनांची आधीची मूल्ये परत देते. ती अशी जपून ठेवली की काम झाल्यावर ‘पार(जुने)’ म्हणून सर्व पूर्ववत करता येते. ‘एमएफरो’ ने एका पानावर अनेक आलेख बसवताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: दोन ओळी व दोन स्तंभ असतील तर आर अक्षरे ०.८३ पट करते आणि तीन किंवा अधिक ओळी वा स्तंभ असतील तर ०.६६ पट. अक्षरे आपोआप बारीक का झाली याचे उत्तर तिथे आहे.

चित्र फाइलमध्ये साठवताना क्रम महत्त्वाचा असतो. ‘पार’ च्या सूचना त्या वेळी उघड्या असलेल्या पटलापुरत्या, म्हणजे चित्र जिथे उमटते त्या खिडकीपुरत्या किंवा फाइलपुरत्या, असतात. ‘पार’ आधी आणि ‘पीएनजी’ नंतर लिहिले तर नवे पटल मूळ मूल्यांसह उघडते आणि केलेली मांडणी पडद्यावरच राहते. आधी फाइल उघडावी, मग ‘पार’, मग बॉक्सप्लॉट, आणि शेवटी फाइल बंद करणारे ‘डेव्ह.ऑफ’.

महिन्यांची नावे मराठीत ठेवली असतील तर आणखी एक पायरी उरते. नेहमीच्या ‘पीडीएफ’ फंक्शनला देवनागरी उमटवता येत नाही. अक्षरांच्या जागी टिंबे दिसतात. त्याऐवजी ‘कैरो_पीडीएफ’ किंवा ‘रॅग’ या पॅकेजमधील ‘एजीजी_पीएनजी’ वापरावे आणि ‘पार’ मध्ये ‘फॅमिली’ म्हणून संगणकावर असलेल्या नोटो सॅन्स देवनागरी किंवा निर्मला यूआय यांसारख्या फॉन्टचे नाव द्यावे. साठवलेली फाइल उघडून ‘ऑगस्ट’ मधला ‘स्ट’ आणि ‘सप्टेंबर’ मधला ‘प्ट’ नीट जोडलेले आहेत ना, हे मोठे करून पाहावे. हलन्त चिन्ह सुटे दिसत असेल तर दोष फॉन्टचा नसून अक्षरजोडणी न करणाऱ्या पटलाचा असण्याची शक्यता अधिक, आणि अशा वेळी ‘एजीजी_पीएनजी’ कडे वळावे.