दहावीचं गणित: लेकरांची तयारी कशी करून घ्यायची

दिवाळी झाली की आमच्या वर्गातली सात-आठ बाकं रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, काही लेकरं मागं आजीजवळ राहतात, काही आईबापाबरोबर कोप्यावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जाऊन एकदम पूर्वपरीक्षेलाच उगवतात, आणि तवर बोर्डाचा पेपर दीड महिन्यावर आलेला असतो. मी बीड जिल्ह्यात दहावीला गणित शिकवतो, त्यामुळं खाली जे लिहायलोय ते असल्या वर्गासाठी आहे. लातूरला क्लास लावून आलेल्या पोरांना ह्यातलं अर्धं लागणार नाही, पण अर्धं त्यांनापण लागेल.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी डिसेंबरातच पोर्शन संपवला आणि स्टाफरूममध्ये छाती काढून फिरलो, आणि निकालात अकरा जण गणितात उडाले. मग सुट्टीत त्या पोरांचे पूर्वपरीक्षेचे जुने पेपर काढून बसलो तर लक्षात आलं की दहावीचं त्यांचं फारसं चुकलेलंच नव्हतं, सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, आणि चूक कुठं तर सहावी-सातवीत. म्हणजे मी वर्षभर छत टाकायलो होतो आणि पाया खाली हलायला होता.

एक उदाहरण बघा. ३ एक्स − २ वाय = ६ आणि ३ एक्स + ५ वाय = २७. पोरगी फळ्यावर आली, दोन्हीतला ३ एक्स सारखा आहे म्हणून वजाबाकी करायची हे तिनं आपणहून सांगितलं, दुसऱ्या ओळीची चिन्हं बदलली, इथपर्यंत एकदम झकास. मग −२ वाय आणि −५ वाय ह्यांचं तिनं केलं ३ वाय! तिकडं ६ वजा २७ बरोबर −२१ आणलं, म्हणून वाय = −७, आणि एक्स आला −८ छेद ३. खरं उत्तर एक्स = ४, वाय = ३. तिला म्हणलं, एकाकडून दोन रुपये उसने घेतले आणि दुसऱ्याकडून पाच, तर किती देणं झालं? लगेच म्हणली सात. मग फळ्यावर तीन काहून? तर म्हणली, सर ते गणित हाय ना.

म्हणून पहिलं काम हे करा. धडा उघडायच्या आधी एका तासात वीस छोटी गणितं द्या, सगळी खालच्या वर्गाची: ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, अपूर्णांकाची बेरीज, कंस सोडवणं, पंधरा-सोळाचे वर्ग, साधं एक चलाचं समीकरण. मार्क जाहीर करू नका, कुणाला हसू देऊ नका. कागद तपासताना उत्तर चूक का बरोबर एवढंच बघायचं नाही, चूक कुठल्या जातीची आहे ते बघायचं: चिन्हाची, अपूर्णांकाची, का प्रश्नच कळला नाही. माझ्या वर्गात दरवर्षी चिन्हवाल्यांचा गठ्ठा सगळ्यात जाड निघतो. मग पुढं रोज तासाची पहिली दहा मिनिटं फक्त त्यालाच द्या, रोज म्हणजे रोज, फेब्रुवारीपर्यंत. हुशार पोरं कंटाळतात, त्यांना फळ्यावर तपासायला उभं करायचं.

दुसरं म्हणजे पेपर कसा असतो ते लेकरांना ऑगस्टातच उलगडून सांगा, आपण ते जानेवारीत सांगतो आणि तिथंच घोळ होतो. दोन पेपर, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, प्रत्येकी ४० मार्काचे, दोन-दोन तासांचे, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० शाळेकडं. पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एकेक मार्काची गणितं, झाले ८. दुसऱ्यात दोन मार्काच्या कृती (अर्धवट सोडवलेलं गणित, त्यातल्या चौकटी भरायच्या) तीनपैकी दोन, म्हणजे ४, आणि दोन मार्काची गणितं पाचपैकी चार, म्हणजे ८. तिसऱ्यात तीन मार्काची एक कृती आणि चारपैकी दोन गणितं, ३ आणि ६. चौथ्यात चार मार्काची तीनपैकी दोन, ८. पाचव्यात तीन मार्काचं दोनपैकी एक. बेरीज करून बघा, ४० येतात.

आता ह्यात कच्च्या पोरासाठी काय आहे ते बघा. पहिला प्रश्न ८ आणि रिकाम्या चौकटी भरायच्या कृती ७, असे एका पेपरात १५ मार्क, दोन्ही मिळून ३०, आणि ह्यात एकही लांबलचक गणित पूर्ण स्वतः मांडावं लागत नाही. जे पोरगं "मला गणित येतच नाही" म्हणून मागच्या बाकावर बसतंय त्याला हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवा, त्याचा चेहराच बदलतो. पण कृती सोप्या वाटतात म्हणून सराव कुणी घेत नाही, आणि पोरं चौकटीत काहीपण भरतात. कृती सोडवायची युक्ती अशी की चौकटीच्या आधीची ओळ आणि नंतरची ओळ दोन्ही वाचायच्या, पुष्कळदा उत्तर पुढच्या ओळीतून मागं येतं. हे रोज एक कृती देऊन महिनाभरात अंगवळणी पडतं. आणि बहुपर्यायीत आधी नीट ठरवायचं, मगच उत्तर लिहायचं, कारण पहिला प्रयत्नच धरतात, खोडून दुसरं लिहिलं तर उपयोग नाही.

धड्यांचा क्रम पुस्तकाचाच पाहिजे असं काही नाही. बीजगणितात सहा धडे. मी अंकगणिती श्रेढीपासून सुरू करतो कारण तिथं गोष्ट डोळ्याला दिसते. कडब्याची गंजी घ्या: खालच्या थरात २५ पेंढ्या, वर प्रत्येक थरात दोन-दोन कमी, सगळ्यात वर ५. एकूण पेंढ्या किती? पोरं २५ मधून ५ काढतात, दोननं भागतात आणि म्हणतात दहा थर. मग एकाला फळ्यावर थर मोजायला लावायचे, २५, २३, २१ असं, अकरा निघतात. ते "अधिक एक" कुठून आलं हे त्या दिवशी कळलं की सूत्रात एन (म्हणजे किती थर) वजा एक कंसात का असतं ते आयुष्यात विसरत नाहीत. अकरा थर, पहिला आणि शेवटचा मिळून ३०, अकराच्या निम्म्यानं गुणलं की १६५ पेंढ्या. आणि इथं डी, म्हणजे एका थरातून पुढच्या थरात होणारा फरक, −२ आहे, म्हणजे परत चिन्ह आलंच.

मग संभाव्यता, मग अर्थनियोजन. जीएसटीला पुस्तक मिटून ठेवा आणि लेकरांना घरून कृषी केंद्राची खताची पावती आणायला सांगा. सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) सारखेच का छापलेत हा प्रश्न तेच विचारतात. शेअर्स आणि म्युच्युअल फंड मात्र आमच्या पोरांना परग्रहावरचं वाटतं, तिथं दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली) आणि बाजारभाव (तो प्रत्यक्ष विकला जातो ती) ह्या दोन शब्दांवर एक अख्खा तास घाला, नाहीतर पुढं सगळं पाठांतर होतं. वर्गसमीकरणं मी मुद्दाम उशिरा घेतो, तवर चिन्हं जरा सुधारलेली असतात. सांख्यिकीत मोठे गुणाकार आले की पोरं गळपटतात, कॅल्क्युलेटर तर चालत नाही, म्हणून गृहीतमध्य पद्धत (एक सोयीची किंमत मध्य धरायची आणि नुसत्या फरकांवर हिशोब करायचा) पक्की करून घ्या.

भूमितीत सात धडे आणि इथं माझं मत जरा वेगळं आहे, मी भौमितिक रचनेपासून सुरू करतो. हाताला काम असलं की मन बसतं. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना घ्या. केंद्र ओ, बाहेरचा बिंदू पी. ओपी जोडायचा, त्याचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू एम मिळवायचा, एम केंद्र धरून एमओ एवढ्या त्रिज्येचा कंस मारायचा, तो वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतो, ते बिंदू पीला जोडले की झाल्या दोन स्पर्शिका. रचना सगळ्यांना येते, पण असं का होतं विचारा. ओपी हा एम केंद्राच्या नव्या वर्तुळाचा व्यास झाला, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, आणि त्रिज्येला काटकोन म्हणजेच स्पर्शिका. हे एकदा पटलं की वर्तुळाच्या धड्यातली दोन प्रमेयं फुकटात झाली. आधी कच्ची आकृती काढायची सवय लावा, आणि कंसाच्या खुणा पुसायच्या नाहीत, आमची पोरं पेपर स्वच्छ दिसावा म्हणून खोडरबरानं मार्कच पुसून टाकतात.

प्रमेय पाठ करू देऊ नका असं म्हणणारे लई आहेत, मी म्हणतो पाठ करू द्या पण आकृती उलटी करून द्या, अक्षरं बदलून द्या. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ह्या चार पायऱ्या वेगवेगळ्या ओळीत. आणि प्रत्येक विधानापुढं कारण लिहायचं, कारणाविना विधान म्हणजे सहीविना चेक.

त्रिकोणमितीला वर्गाबाहेर काढा. कोनमापकाला दोरा बांधून खाली खडा लटकवला की कोन मोजायचं यंत्र तयार. गावातल्या पाण्याच्या टाकीपुढं जिथून टाकीचं टोक ४५ अंशात दिसतं तिथवर मागं सरकायचं, तिथून टाकीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, त्यात डोळ्याची उंची मिळवायची, झाली टाकीची उंची. डोळ्याची उंची मिळवायला निम्मी पोरं विसरतात, विसरू द्या, मग ग्रामपंचायतीच्या शिपायाला खरी उंची विचारायची.

जानेवारीपासून दर रविवारी सकाळी बरोबर ११ वाजता पूर्ण पेपर. खऱ्या परीक्षेत शेवटी दहा मिनिटं जास्तीची मिळतात, म्हणून १ वाजून १० मिनिटांनी कागद ओढायचे, दया दाखवायची नाही. तपासायला पेपर एकमेकांना द्या, आदर्श उत्तर फळ्यावर लिहा आणि पायरीला किती मार्क ते त्यांनाच ठरवू द्या. दुसऱ्याची चूक पोरांना लगेच दिसते. मग प्रत्येकानं एका चाळीस पानी वहीत आपली चूक उतरवायची, गणित नाही, फक्त चूक: "वजा वजा विसरलो", "एकक लिहिलं नाही", "व्यास दिला होता, त्रिज्या समजलो". शेवटच्या आठवड्यात ही वही वाचायची, गाईड नाही.

नव्वदच्या पुढं मार्क घेणाऱ्या पोरांचे मार्क वेगळ्याच ठिकाणी जातात, ते पायऱ्या गाळतात. त्यांना चौथ्या आणि पाचव्या प्रश्नावर बसवा आणि प्रत्येक गणित दोन रीतींनी मागा.

घरच्यांसाठी एवढंच की तुम्ही शाळा शिकलेले नसाल तरी चालतं. लेकराला म्हणायचं, आज केलेलं एक गणित मला समजावून सांग. ते जिथं अडखळतं तिथंच त्याचं कच्चं आहे, आणि हे त्याला तुमच्या आधी कळतं. रात्री लाईटचा भरवसा नाही, त्यापेक्षा पहाटे पाचला उठवा. आणि कॉपीच्या आशेवर कुणाला ठेवू नका, गणिताची कॉपी समोर असली तरी कुठल्या प्रश्नाला काय लावायचं ते कळावं लागतंच ना.

पेपरच्या आदल्या दिवशी कंपासपेटी स्वतः उघडून बघा. कंपासचा स्क्रू ढिला असला की कंस अर्ध्यात सरकतो आणि वर्तुळ आपल्याच शेपटीला भेटत नाही. मी खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन केंद्राच्या गेटवर उभा असतो, मागच्या मार्चमध्ये नऊ कंपास आवळले, त्यातले चार तर माझ्या शाळेच्या पोरांचे नव्हतेच.