खेळावर बहिष्कार टाकून वर्णद्वेषी स्मारकं हटवायची आहेत? या चुका टाळा

१० जुलै २०१५ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाच्या आवारातून कॉन्फेडरेट झेंडा खाली उतरला. त्याआधी साडेपंधरा वर्षं त्या राज्यावर बहिष्कार चालू होता. मिसिसिपीत मात्र जून २०२० मध्ये खेळाच्या संघटनांनी निर्वाणीचा इशारा दिला आणि बाराव्या दिवशी गव्हर्नरने राज्यध्वजातलं तेच चिन्ह हटवणाऱ्या कायद्यावर सही केली. दोन्हीकडे मुद्दा एकच, हत्यारही एकच. मग एका ठिकाणी दीड दशक का लागलं? यातून जे शिकता येतं ते पुढच्या प्रत्येक मोहिमेला उपयोगी आहे, म्हणून हा लेख. अमेरिकेत शिकणारी आपली मुलंही अशा मोहिमांत उतरतात. त्यांच्यापर्यंत तो पोचावा अशी इच्छा आहे.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची अकरा राज्यं १८६०-६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघाली, तीच कॉन्फेडरसी. १८६५ मध्ये ती हरली. तिच्या सैनिकांचे आणि नेत्यांचे बहुतेक पुतळे उभे राहिले ते त्यानंतर काही दशकांनी, कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क काढून घेतला जात होता त्या काळात. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या घुमटावर झेंडा चढला तो तर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, नागरी हक्कांची चळवळ जोर धरत असताना. याच राज्यांत कॉलेज फुटबॉल म्हणजे लोकांचा जीव की प्राण. काही मैदानांत एका सामन्याला लाखभर माणसं बसतात आणि मैदानावर घाम गाळणाऱ्यांत कृष्णवर्णीय तरुण मोठ्या संख्येने असतात. बहिष्काराला ताकद मिळते ती इथून.

मागणी अर्धवट मांडणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. जानेवारी २००० मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या हक्कसंघटनेने साउथ कॅरोलायनावर आर्थिक बहिष्कार पुकारला. १७ जानेवारीला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीला, कोलंबिया या राजधानीच्या शहरात पन्नास हजारांच्या आसपास लोक जमले. सेरेना विल्यम्सने त्या वर्षी हिल्टन हेडच्या टेनिस स्पर्धेतून माघार घेतली. दबाव वाढला तशी विधिमंडळाने तडजोड काढली: १ जुलै २००० रोजी झेंडा घुमटावरून उतरवला आणि त्याच आवारात, कॉन्फेडरेट सैनिकांच्या स्मारकाशेजारी, नव्या खांबावर चढवला. घुमटावर तो मान वर करून बघावा लागायचा. आता तो रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोरच आला.

एनएएसीपीने ही तडजोड मान्य केली नाही, बहिष्कार चालू ठेवला. पण माझ्या मते नुकसान होऊन गेलं होतं. ‘घुमटावरून झेंडा उतरवा’ हेच वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं होतं आणि झेंडा घुमटावरून उतरला होता. सरकारला म्हणता आलं, तुमचं ऐकलं की! पुढची पंधरा वर्षं बहिष्कार करणाऱ्यांना आधी हेच समजावून सांगावं लागलं, की प्रश्न मिटलेला नाही.

पुतळ्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा असतो, कारण पुतळा सहसा नष्ट होत नाही, हलवला जातो. ऑक्सफर्ड इथल्या मिसिसिपी विद्यापीठात १९०६ पासून कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा अगदी प्रवेशाच्या वाटेवर उभा होता. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल होणार म्हटल्यावर विरोधकांचा जमाव जमला तो याच पुतळ्याभोवती. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी कॉन्फेडरेट समर्थकांनी विद्यापीठात मोर्चा काढला, तेव्हा त्याच दिवशी जॉर्जियाविरुद्धच्या सामन्याआधी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातले आठ खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसले. पुढच्याच महिन्यात विद्यार्थी प्रतिनिधींनी पुतळा हलवण्याचा ठराव एकमताने केला. १४ जुलै २०२० रोजी पुतळा हलला, पण विद्यापीठाच्याच आवारातल्या कॉन्फेडरेट दफनभूमीत. त्या जागेची सजावट, नव्या थडग्यांच्या शिळा असा बेत बाहेर आला तेव्हा विद्यार्थी भडकले: हे तर नवं तीर्थस्थान झालं! शिळांचा बेत मागे घ्यावा लागला.

म्हणून पहिल्या पत्रकातच चार गोष्टी लिहा. काय हटवायचं, कुठून, कुठे न्यायचं आणि नव्या जागेची देखभाल कुणाच्या खर्चाने. ‘हटवा’ एवढंच लिहिलंत तर उरलेले तीन निर्णय समोरचा घेईल.

बहिष्कारात पळवाट ठेवणं

२००१ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीवर बंदी घातली. ऐकायला भारी, पण बंदी होती फक्त ज्या स्पर्धांची जागा आधीच ठरते त्यांच्यासाठी. मोसमातल्या कामगिरीवर ज्यांचं यजमानपद मिळतं त्या फेऱ्या मोकळ्या राहिल्या. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षं बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि दोन्ही वर्षी प्राथमिक फेरी घरच्या मैदानावर खेळली. झेंडा तेव्हा तिथून काही अंतरावर फडकत होता. ज्या खेळावर गावाचं प्रेम, तो घरी येतच होता. मग कळ कुणाला लागणार?

१९ जून २०२० रोजी एनसीएएने ही पळवाट बंद केली. आदल्या दिवशी एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या बलाढ्य क्रीडा परिषदेचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी मिसिसिपीला बजावलं होतं, झेंडा बदला, नाहीतर आमच्या स्पर्धा विसरा. नव्या नियमाचा फटका बसणारं राज्य एकच उरलं होतं, मिसिसिपी. तिथल्या दोन्ही मोठ्या विद्यापीठांचे बेसबॉल संघ घरच्या मैदानावर फेऱ्या खेळवायचे, ते आता जाणार होतं. तेव्हा ‘बारा दिवसांत झालं’ असं कुणी सांगितलं तर त्यांना आठवण करून द्या, की त्याआधी एकोणीस वर्षं अर्धी बंदी चालू होती आणि तिने काहीही हललं नव्हतं.

तुमच्या बहिष्काराची यादी करताना विरोधकाच्या खुर्चीत बसून ती वाचा. कोणता सामना तरीही होईल, कोणता पैसा तरीही येईल? तेच भोक आधी बुजवा.

निर्णय कुणाच्या हातात आहे हे न बघणं

क्लेमसन हे साउथ कॅरोलायनातलंच दुसरं मोठं विद्यापीठ. जून २०२० मध्ये तिथले माजी खेळाडू डिआंड्रे हॉपकिन्स आणि डिशॉन वॉटसन यांनी गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचं नाव ऑनर्स कॉलेज या हुशार विद्यार्थ्यांच्या खास अभ्यासक्रमाला नको म्हणून आवाज उठवला. विश्वस्तांनी नाव काढलं. त्याच बैठकीत त्यांना मुख्य इमारतीचं ‘टिलमन हॉल’ हे नावही (बेन टिलमन या वर्णद्वेषी नेत्यावरून पडलेलं) बदलायचं होतं, पण ते त्यांना जमलं नाही, विधिमंडळाकडे विनंती करावी लागली. कारण २०००च्या त्याच तडजोडीतून आलेला हेरिटेज कायदा: सार्वजनिक जागेतली स्मारकं आणि इमारतींची नावं विधिमंडळाच्या परवानगीशिवाय बदलायची नाहीत, आणि त्यासाठी तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागायची. अभ्यासक्रमाचं नाव कायद्याबाहेर, इमारतीचं आत. हे ठाऊक नसेल तर माणसं महिनोन् महिने चुकीच्या दारावर धडका देत बसतात.

मिसिसिपीत तर बंदीचा फटका ज्यांना बसत होता त्या आठही सरकारी विद्यापीठांनी आपापल्या आवारातला राज्यध्वज २०१६ अखेरपर्यंत स्वतःहूनच उतरवला होता. दोष विधिमंडळाचा, शिक्षा विद्यापीठांना. अशा वेळी विद्यापीठाला शत्रू मानणं ही चूकच. २५ जून २०२० रोजी याच विद्यापीठांचे प्रशिक्षक आणि क्रीडासंचालक जॅक्सनला विधिमंडळात गेले आणि आमदारांना भेटले. ज्या आमदारांनी नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली, ते फुटबॉलच्या प्रशिक्षकांसमोर बसून ऐकत होते. हे वाचून संताप येतो, मलाही येतो. पण मोहीम आखणाऱ्याने ते ध्यानात ठेवलंच पाहिजे. तीन दिवसांत, २८ जूनला, प्रतिनिधीगृहाने ९१ विरुद्ध २३ आणि सिनेटने ३७ विरुद्ध १४ मतांनी विधेयक मंजूर केलं.

एका पोराच्या खांद्यावर सगळं टाकणं

२२ जून २०२० रोजी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू काइलिन हिल याने जाहीर केलं, झेंडा बदला, नाहीतर मी या राज्याचं प्रतिनिधित्व करणार नाही. तो त्याच राज्यात वाढलेला. त्याच्या धैर्याला सलाम. पण आयोजक म्हणून तुम्ही असा एकटा आवाज शोधत फिरू नका. शिष्यवृत्ती, संघातली जागा, पुढची कारकीर्द, घरच्यांची सुरक्षितता असं सगळं त्या विशीतल्या मुलाचं पणाला लागतं आणि पत्रक लिहिणाऱ्याचं काहीच जात नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करणाऱ्या अध्यक्षांच्या राजीनाम्यासाठी खेळणं थांबवलं. मुद्दा स्मारकाचा नव्हता, तरी पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र उभे राहिले, प्रशिक्षक गॅरी पिंकेल त्यांच्या पाठीशी राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर मोजावे लागले असते. दोन दिवसांत अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात संप करणाऱ्या खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घेणारं विधेयक एका आमदाराने आणलं, ते नंतर मागे घेतलं गेलं. ही उलट लाट येणार हे गृहीत धरा आणि वकील आधीच शोधून ठेवा.

वर्णद्वेषाशी जोडलेली इमारतींची नावं आणि विद्यापीठाचं गीत बदलावं यासाठी टेक्सास विद्यापीठाच्या खेळाडूंनी जून २०२० मध्ये आणखी सावध पाऊल टाकलं. सराव चालू ठेवला, पण नव्या खेळाडूंना आकर्षित करण्याच्या आणि देणगीदारांच्या कार्यक्रमांना जाणार नाही असं कळवलं. स्वतःचं कमीत कमी नुकसान आणि विद्यापीठाच्या वर्मावर बोट. महिन्याभरात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवायला नकार देणाऱ्या प्राध्यापकाच्या नावाच्या रॉबर्ट ली मूर हॉलचं नाव बदललं. विद्यापीठाचं जुनं गीत मात्र हटलं नाही, तेवढा पराभव त्यांच्या वाट्याला आला.

आपल्याकडे याचं उदाहरण आहे. १९२० साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत जातीमुळे डावललं जात असल्याच्या निषेधार्थ पालवणकर या दलित बंधूंनी हिंदू संघातून माघार घेतली होती. भाऊ एकमेकांसोबत उभे राहिले, म्हणून हिंदू जिमखान्याला वाटाघाटीला यावं लागलं. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले.

मतदानाच्या तोंडावर धमकी

१९९० मध्ये अॅरिझोनात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीवर मतदान होतं. मतदानाच्या आधीच्या रविवारी टीव्हीवर बातमी आली, की सुट्टी नाकारली तर व्यावसायिक फुटबॉल लीग सुपर बोल हा अंतिम सामना राज्यातून काढून घेईल. लोक दुखावले, सुट्टी फेटाळली गेली. लीगने १९९३ साठी ठरलेला सामना खरोखरच कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला नेला. नुकसान प्रत्यक्ष दिसल्यावर १९९२ मध्ये मतदारांनी सुट्टी मंजूर केली आणि १९९६ मध्ये सामना अॅरिझोनात आला.

आमदाराला धमकी समजते, कारण त्याला हिशेब मांडता येतो. सामान्य मतदाराला ती अपमान वाटते. मिसिसिपीत २००१ च्या सार्वमतात जुना झेंडा ६४ टक्के मतांनी टिकला होता. २०२० मध्ये आधी विधिमंडळाने तो रद्द केला, मग नोव्हेंबरमध्ये नवा झेंडा मतदारांपुढे ठेवला आणि सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी तो स्वीकारला. जिथे निवड असेल तिथे हा क्रम धरा.

स्थानिकांना न विचारणं

बहिष्काराने हॉटेलं रिकामी राहतात तेव्हा पहिला रोजगार जातो तो खोल्या साफ करणाऱ्यांचा, आणि त्यात कृष्णवर्णीय कमी नसतात. हाक त्यांच्या संघटनांकडून, चर्चमधून आली पाहिजे.

श्रेय घाईने घेणं आणि लवकर उठणं

‘बहिष्काराने साउथ कॅरोलायनाचा झेंडा उतरवला’ हे वाक्य लिहू नका. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीय भाविकांना गोळ्या घातल्या. त्यांत तिथले धर्मगुरू आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनीही होते. त्या नऊ जणांच्या मृत्यूनंतरच विधिमंडळ हललं आणि गव्हर्नर निकी हेली यांनी सही केली. मिसिसिपीतही जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश रस्त्यावर उतरलेला होता. बहिष्काराने जमीन तयार ठेवली, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

झेंडा उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी एनएएसीपीने बहिष्कार मागे घेतला, एनसीएएनेही बंदी उठवली. पण झेंडा ज्या स्मारकाशेजारी होता ते कॉन्फेडरेट सैनिकाचं स्मारक अजून तिथेच आहे. १९४० मध्ये बसवलेला बेन टिलमनचा पुतळाही त्याच आवारात आहे. कृष्णवर्णीयांवरच्या हिंसाचाराची जाहीर बढाई मारणारा हा माणूस. एनसीएएच्या नियमात झेंड्याचा उल्लेख आहे, पुतळ्यांचा नाही, म्हणून तिथे आज सगळ्या स्पर्धा बिनदिक्कत होऊ शकतात. चार्ल्सटनमधला कॅल्हूनचा पुतळा जून २०२० मध्ये उतरला तो नगरपरिषदेच्या एकमुखी ठरावाने; तो हेरिटेज कायद्यात बसत नाही असं शहराचं म्हणणं होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेरिटेज कायदा कायम ठेवला, पण त्यातली दोन-तृतीयांश मतांची अट रद्द केली. टिलमनचा पुतळा हलवायला आता विधिमंडळाचं साधं बहुमत पुरतं. पुढच्या मोहिमेने एनसीएएकडे पहिली मागणी करावी ती नियमात पुतळ्यांचा समावेश करण्याची, आणि पत्रात टिलमनचं नाव, त्याची आजची जागा आणि पुतळा कुठल्या संग्रहालयात न्यायचा ते लिहूनच.